लाल टेपच्या बारा कुंड्या

वेरिबी,
९ ऑगस्ट २०२०

मेधा मावशी,

सहा वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. मग तुझा मेसेज आला, "फोनवर तू ओरडतोस आणि कट करतोस. काय असेल ते कागदावर लिही, कागद कट करता येत नाही." बरं. लिहितो. वेरिबीहून ग्लेन वेव्हर्लीला, एकाच शहरात, पोस्टाने, पत्र. आईला कळलं तर पेढे वाटेल.

सरळ मुद्द्यावर येतो. मितालीची झाडं मरतायत.

मिताली कोण ते तुला माहीत आहे. गेल्या दिवाळीत तू तिला दोनदा करंज्या वाढल्यास आणि मला किचनमध्ये ओढून "ही काय?" असं विचारलंस. ही काही नाही. आम्ही तिघं एका घरात भाड्याने राहतो: ती पुढच्या खोलीत, मी मागच्या, आणि ज्याच्या नावावर लीज आहे तो गणेश मधल्या. म्हणजे राहत होतो. जूनअखेर तिच्या वडिलांना सांगलीत लकवा मारला, ती स्पेशल फ्लाइटने गेली, आणि आता स्टुडंट व्हिसावाल्यांना इकडचं दार बंद. कधी उघडणार कुणी सांगत नाही. टीव्हीवर माणूस येतो, आकडा सांगतो, जातो.

तिच्या पीएचडीची चोवीस झाडं आमच्या बॅकयार्डात आहेत. बँक्शिया, बाटली धुवायच्या ब्रशसारखं फूल येतं ती. मार्चमध्ये युनीने ग्लासहाउसला कुलूप लावलं तेव्हा तिच्या सरांनी कुंड्या घरी न्यायला परवानगी दिली. बारा कुंड्यांवर हिरवी टेप, त्यांत जंगलातली माती जशीच्या तशी. बारांवर लाल टेप, त्यांत तीच माती, पण वाफवलेली, म्हणजे आतले सगळे जिवाणू, बुरशी, किडे मेलेले. मातीतल्या या जीवजंतूंमुळे झाडाला नेमकं काय होतं, हा तिचा प्रश्न. दोन वर्षं ती यावर बसली आहे. जाताना कुंड्या माझ्याकडे सोपवून गेली. माझ्याकडे. गणेशकडे नाही. टाकीतलं पावसाचं पाणी मापाने घालायचं, दर शनिवारी उंची मोजून तिला पाठवायची, बाकी काही करायचं नाही.

आता लाल टेपवाल्यांची पानं टोकाकडून काळी पडली आहेत, इस्त्री टेकवल्यासारखी. आणि कुणी केलं ते मला माहीत आहे. गणेश ड्राइव्हवेच्या फटींत तणनाशक मारतो. सव्वीस जुलैला पंप घेऊन फिरत होता, मी खिडकीतून बघितलं. विचारलं तर म्हणतो, "वारा कुठे होता रे." याचं सगळंच वाऱ्यावर.

सोबत सतरा नंबरच्या कुंडीतली माती पाठवतोय. तुझ्या लॅबमध्ये तपास आणि विष आहे असं कागदावर लिहून दे. मग मी आणि गणेश बघून घेऊ.

मी फक्त पाणी घातलंय.

सारंग

*

ग्लेन वेव्हर्ली,
१८ ऑगस्ट

चि. सारंग,

आशीर्वाद शेवटी, उरले तर.

तुझी पिशवी ओली होऊन आली. पोस्टमनने ती लांब धरून दिली, आणि या दिवसांत मी त्याला दोष देत नाही. लॅबला मी लॉकडाऊनच्या परमिटवर आठवड्यातून तीन दिवस जाते. बॉसला विचारून तुझी माती शेतकऱ्यांच्या नमुन्यांच्या शेवटी लावली.

तणनाशक तपासायचं मशीन आमच्याकडे नाही. पण त्याची गरज पडली नाही. तुझ्या मातीत विष नाही, खाणं आहे. स्फुरद, म्हणजे तुमचा फॉस्फरस. जंगलच्या मातीत आमच्या मापाने तो दहाच्या आत असतो. तुझ्या पिशवीत एकशे ऐंशी.

आता नीट वाच, कारण तू फ्लॉवरच्या शेतावर काम करतोस आणि तिथलं डोक्यात घेऊन घरी येतोस. इथली जंगलची माती फार म्हातारी आहे. पावसाने युगानुयुगं धुतलेली, तिच्यात स्फुरद नावाला. बँक्शिया त्या नावाला असलेल्यावर जगायला शिकली. मुळांना बारीक केसांचे दाट झुपके काढते, त्यांतून आम्ल सोडते, मुळाभोवतीचे जिवाणू त्या कामात असतात, आणि मातीने आवळून धरलेला एखादा कण सुटतो. एक कण, मग दुसरा. अशा झाडापुढे खताचं पोतं ओतलं तर त्याला "पुरे" म्हणता येत नाही. त्याच्या पुढ्यात कधी इतकं आलेलंच नसतं. ते घेत राहतं आणि पानाच्या टोकापासून जळतं.

माझ्या वाफ्यातल्या वांग्याचं वेगळं. त्याला खत लागतं. तरी मी ते वांग्याला घालत नाही, मातीला घालते. पालापाचोळा, शेणखत. गांडुळं आणि बुरशी ते आधी खातात, त्यांच्या पोटातून निघतं ते वांग्याला मिळतं. राहुरीला पहिल्या वर्षी शिकवलेलं, अजून तेच खरं आहे.

तर प्रश्न एकच. त्या कुंड्यांत खत कुणी घातलं? मला नाव नको. तुला ठाऊक असलं म्हणजे झालं.

आशीर्वाद थोडे उरलेत, घे.

मेधा मावशी

*

वेरिबी,
२३ ऑगस्ट

मावशी,

म्हणजे मी म्हणत होतो तेच. विष नाही तर खत. माणूस तोच.

गणेशने कुंपणाशी वाफा केलाय, मेथी आणि कोथिंबीर. रोज सकाळी त्याच्यापुढे उकिडवा बसून फोनवर आईला दाखवतो, "हे बघ, दोन पानं आली." खताशी संबंध घरात दुसऱ्या कुणाचा आहे? तुझं पत्र वाचलं आणि मी सरळ मागे गेलो आणि त्याची मेथी उपटली. सगळी. कोथिंबीर पण.

तो बाहेर आला. चहाचा कप हातात.

"सारंग, तू माझी मेथी उपटलीस?"

"तू तिच्या कुंड्यांत खत टाकलंस."

"मी? त्या कुंड्यांकडे मी बघत पण नाही. तू बघू देतोस का? परवा मी नुसता त्या बाजूला कपडे वाळत घालत होतो तर तू म्हणालास सावली पडते."

"पडत होती."

"तुझं डोकं मशीनला लाव, गरम पाण्याच्या सायकलवर." असं म्हणून तो उपटलेली मेथी गोळा करायला लागला. जुडी बांधली. संध्याकाळी तिचीच भाजी केली आणि मला विचारलंसुद्धा नाही. लॉकडाऊन उठला की दुसरी खोली बघ म्हणाला. आनंदाने बघेन. आत्ता बघायला कुठे जाऊ, पाच किलोमीटरच्या पलीकडे पोलीस.

आणि वर हे. मितालीची सतरा सप्टेंबरला पॅनेलसमोर परीक्षा आहे, झूमवर. दोन वर्षांत काय केलं ते सांगायचं, त्यांना पटलं तर पुढे, नाही पटलं तर पीएचडी संपली. ती खूश आहे. जुलैमध्ये लाल टेपवाल्या झाडांनी हिरव्यांना उंचीत गाठलं, त्यावर तिने अख्खं प्रकरण लिहिलं. व्हॉइस मेसेज पाठवला, हॉस्पिटलच्या जिन्यावरून, मागे कुणीतरी नर्सला हाका मारतंय आणि ही हसतेय: "माझी लाल पोरं धावली रे सारंग, कुणाला वाटलं होतं?" तो मेसेज मी किती वेळा ऐकला ते सांगत नाही.

तिला सांगू की ती पोरं जळतायत? वडील अंथरुणावर असताना? गेले दोन शनिवार मी जुनेच आकडे पाठवले. फोटो पाठवला नाही. नेट स्लो आहे म्हणालो.

यावर उपाय काय ते सांग. झाडं वाचवायची. बाकी लेक्चर नको.

सारंग

*

ग्लेन वेव्हर्ली,
३० ऑगस्ट

सारंग,

चि. नाही आणि आशीर्वाद नाही.

तुझी उरलेली माती मी भिंगाखाली धरली. पांढरे कण आहेत, खरखरीत. हाडांचा चुरा. हे इथे दुकानात ब्लड अँड बोन म्हणून मिळतं, कत्तलखान्यातलं रक्त आणि हाडं वाळवून, दळून. गेल्या दिवाळीत माझ्या घरी गणेशने केकमध्ये अंडं आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर प्लेट बदलून घेतली आणि चमचासुद्धा वेगळा मागितला. तो माणूस रक्ताचं पोतं घरात आणेल, मुठीने कालवेल, आणि तू मला ते सांगणार.

मी त्याला फोन केला. त्याने तुझं नाव घेतलं नाही. म्हणाला, "मावशी, जाऊ दे, लॉकडाऊनने डोकं फिरलंय त्याचं, मेथी काय परत येईल." मी विचारलं, शेडमध्ये ब्लड अँड बोनचं पोतं आहे का? तो गप्प राहिला. कुणाचं, विचारलं. तरी गप्प. ज्याचं अन्न तू उपटलंस तो तुला झाकत होता.

आता माझं ऐक. मार्चमध्ये तू लेक्चररला भर झूमवर "तुम्हालाच कळत नाही" म्हणून लॅपटॉप मिटलास आणि युनी सोडलीस. तेव्हापासून ताईने विचारलं की मी सांगते, सारंग असाइनमेंटमध्ये आहे. तुझ्यासाठी बोलायचं तेवढं खोटं माझं बोलून झालं. दुसरं माझ्याकडे नाही.

तू काय केलंयस ते तुला अजून कळलेलं दिसत नाही. झाडं मेली तर मेली, झाडं मरतात. पण जुलैमध्ये लाल पोरं धावली ती तुझ्या खतावर. ती मुलगी पॅनेलसमोर सांगणार आहे की मातीतले जीव मारले तरी झाड भागवून घेतं. हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. समोर बसलेल्या माणसांनी आयुष्यभर बँक्शियाची मुळं पाहिली आहेत. ते तिला दोन मिनिटांत सोलतील. नाही सोललं, तर ती ते छापेल आणि नंतर दुसरा कुणी सोलेल.

मला एक लिहून पाठव. कधी, किती, कुठल्या कुंडीत, आणि का. "का" शेवटी.

मेधा मावशी

*

वेरिबी,
५ सप्टेंबर

मावशी,

हो. मी.

बरं वाटलं? तू गणेशला फोन करायला नको होतास. आता तो माझ्याकडे असं बघतो, जसा काही मला ताप आलाय. शिव्या दे म्हटलं तर देत नाही.

"का" आधी सांगणार. तू म्हणालीस शेवटी, म्हणून आधी.

ती गेली त्या दिवशी मी तिला टॅक्सीपर्यंत सोडलं. दोघांच्या तोंडावर मास्क, मध्ये दीड मीटर. मी सगळं ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं. ती म्हणाली, "कुंड्या बघशील ना?" मी म्हणालो, "बघतो." एवढंच. टॅक्सी गेली. मी मागे आलो आणि कुंड्यांसमोर बसलो, आणि मावशी, ती लाल टेपवाली रोपं बघवत नव्हती. हिरवी ऐटीत उभी आणि ही पिवळट, बोटभर, सात तर नुसत्या काड्या. मेलेल्या मातीत लावलेली, वर नुसतं पाणी. कुणी नुसत्या पाण्यावर वाढतं का? आपल्याकडे आजारी माणसाला काय करतात? खायला घालतात. तिच्या बापाला तिकडे ती चमच्याने पेज भरवत होती आणि इकडे तिची ही सात माझ्यासमोर उपाशी. शेतावर मी रोज बघतो, ट्रॉलीने खत ओततात आणि फ्लॉवर माणसाच्या डोक्याएवढा होतो. मला वाटलं तिला फोटो पाठवावा, सगळी टवटवीत, आणि तिने विचारावं, काय केलंस रे? आणि मी सांगूच नये.

तर पहिल्यांदा पाच जुलै. मग बारा, एकोणीस, सव्वीस. दर रविवारी. एक एक मूठ. हो, सव्वीसलाच, गणेश पंप घेऊन फिरत होता त्याच दिवशी. तो फटींत मारत होता आणि मी खिडकीतून बघत होतो, हा आत कधी जातो म्हणून. बाराच्या बारा लाल कुंड्यांत नाही, त्या सातांतच. तीन, आठ, अकरा, चौदा, सतरा, वीस, तेवीस. बाकीच्या पाच लाल जरा बऱ्या दिसत होत्या, त्यांना हात लावला नाही. मापात मूठ म्हणजे किती विचारू नकोस.

झालं. आता मी ठरवलंय ते ऐक. सतरा तारीख जाऊ दे. तिचं पॅनेल होऊ दे. मग मी सांगेन. आत्ता सांगितलं तर तिची परीक्षा गेली आणि मी पण गेलो. नंतर सांगितलं तर निदान परीक्षा राहते. तू यात पडू नकोस. तिचा नंबर तुझ्याकडे नाही आणि मी देणार नाही.

सारंग

*

ग्लेन वेव्हर्ली,
८ सप्टेंबर, एक्स्प्रेस पोस्टने

सारंग,

तिचा नंबर गणेश देईल. मी मागितलेला नाही आणि मागणार नाही, कारण हे तिला माझ्याकडून कळलं तर तुझ्याकडून कधीच कळणार नाही.

पाच कुंड्यांना तू हात लावला नाहीस, हे तुझ्या पूर्ण पत्रातलं एकच कामाचं वाक्य आहे आणि तुला ते कळलंही नाही. पाच लाल खऱ्या आहेत. बारा हिरव्या खऱ्या आहेत. खोट्या सात आहेत, आणि त्या कुठल्या ते तुला नंबरनिशी माहीत आहे. हे तिला पॅनेलच्या आधी कळलं तर ती सात बाजूला काढून उरलेल्यांवर उभी राहू शकते. नंतर कळलं तर चोवीसही गेल्या, कारण मग तिच्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिचासुद्धा बसणार नाही.

तू म्हणतोस "मी पण गेलो." तू आहेस कुठे यात? तुला कुणी विचारलंय?

मूठ भरून तिचं वजन कर, पाच वेळा कर. स्वयंपाकाचा वजनकाटा गणेशकडे आहे, त्याच्याकडून मागून घे. मागताना काय बोलायचं ते तुझं तू बघ. तारखा लिही. खोटे आकडे कुठल्या कुठल्या शनिवारी पाठवलेस ते लिही. पोत्यावरचं लेबल जसंच्या तसं उतरव. मग तिला पाठव. गोड लिहू नकोस.

सतराच्या आत. आज आठ आहे.

मावशी

*

वेरिबी,
२० सप्टेंबर

मावशी,

चौदाला पाठवला मेल. तुझं पत्र दहाला आलं होतं. मधले चार दिवस मी काय केलं विचारू नकोस, शेतावर दोन शिफ्ट जास्त मारल्या आणि पॅकिंगच्या पट्ट्यावर एकाशी भांडलो.

काटा मागायला गणेशकडे गेलो. म्हणालो, "काटा दे. आणि मेथीचं, ते मीच चुकीचं." तो म्हणाला, "कशाला हवाय?" मी म्हणालो, मूठ मोजायचीय. तो हसला नाही. काट्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून दिली, "त्या घाणीचा हात लागू देऊ नकोस याला." त्रेसष्ट ग्रॅम, एकाहत्तर, साठ, अडुसष्ट, सहासष्ट. माझी मूठ.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तुला उतरवून देतो, म्हणजे तुझंही समाधान होईल.

"सारंग, तुझा मेल मी चार वेळा वाचला. का केलंस याच्या एकतीस ओळी आहेत. किती टाकलंस याच्या सहा. मला त्या सहा पुरेशा होत्या. पॅनेल मी पुढे ढकलून घेतलं, सरांना सगळं सांगितलं. बाबांच्या उशाशी बसून मी जे प्रकरण लिहिलं ते आज डिलीट केलं. तू लिहितोस, माझ्यासाठी केलं. प्रत्येक कुंडीवर मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त पाणी.' माझ्यासाठी करणाऱ्याने ते वाचलं असतं. त्या एकतीस ओळींत जे बाकीचं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते परत विचारू नकोस. आता कामाचं. झाडं आणखी ठेवून उपयोग नाही. सगळी चोवीस उपट. मुळं धुऊन फोटो, मग वाळवून वजन. पाठवते तसं कर. दुसरा कुणी असता तर तुला सांगितलं नसतं, पण सर ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांपलीकडे अडकलेत आणि गणेशला मुळातलं काही कळत नाही. मिताली."

वाचलंस? उपट म्हणते. हिरवीसुद्धा. ती बारा मी एका पावसात छत्री धरून वाचवली आहेत, गारा पडल्या तेव्हा. त्याचं काही नाही. माझं जे लिहायचं होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं आणि तिने ओळी मोजल्या.

मी नाही करणार. सांगून टाक तिला, घे नंबर गणेशकडून. मी काही तिचा गडी नाही.

सारंग

*

ग्लेन वेव्हर्ली,
२५ सप्टेंबर

सारंग,

नको करूस.

करणार असशील तर ऐक. कुंडी आडवी करून कडेने ठोक, रोप ओढू नकोस. ओढलंस तर झुपके मातीतच राहतात आणि तुझ्या हातात दोरी येते. मातीचा गोळा बादलीतल्या पाण्यात रात्रभर नाही, तासभर ठेव. मग हलवायचं नाही, पाणी बदलायचं. चार वेळा, सहा वेळा, माती आपणहून सुटेपर्यंत. नळाची धार लावायची नाही. शेवटची माती निघत नसेल तर काढू नकोस, मुळाने ती मुद्दाम धरलेली असते. दिवसाला दोनच कुंड्या. तिसरीपर्यंत माणूस घाई करायला लागतो, आणि तू तर पहिलीपासून.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलंस तर फोटोपर्यंत मुळं टिकतात. गणेशला विचारून. त्याच्या कप्प्यात नको.

तिच्या मेलवर मी काही म्हणणार नाही. तिने लिहिलंय ते बरोबर आहे आणि तुला लागलंय तेही खरं आहे. दोन्ही खरं असतं तेव्हा फार काही करता येत नाही. मी तुझ्या वयाची असताना एकाला दर आठवड्याला पत्र लिहायचे. त्याने एकदा उत्तर दिलं, की पत्ता बदललाय. नवा पत्ता दिला नव्हता. मी आठ दिवस वर्ग बुडवले आणि मग प्रॅक्टिकलला गेले.

ताईला मी काल सांगितलं, तू युनी सोडलीस. ती रडली, मग म्हणाली, जेवतो ना नीट? तिला फोन कर. ओरडू नकोस.

मेधा मावशी

*

वेरिबी,
११ ऑक्टोबर

मेधा मावशी,

आईला सांगायच्या आधी मला विचारायचंस. ती आता रोज फोन करते आणि रोज विचारते काय खाल्लंस. राग अजून आहे. असू दे.

चोवीसही झाल्या. बारा दिवस लागले. शेतावरून यायचं, हात धुवायचे, बादल्या भरायच्या. तू म्हणालीस घाई करशील, पहिल्या दिवशी केली. आठ नंबर ओढलं आणि अर्धं मूळ आत राहिलं. ते तिला लिहून कळवलं, काही न लावता. तिने उत्तरात फक्त "नोटेड" लिहिलं.

मग मी ओढलं नाही. गणेश दारात उभा राहून बघायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू पाण्याशी पण भांडतोस. सरक." आणि बादली त्याने धरली, मी पाणी बदललं. मुळातलं काही कळत नसलेला माणूस.

आता जे बघितलं ते सांगतो, कारण हे तुलाच कळेल. हिरव्या टेपची मुळं बाहेर आली ती ओल्या मांजरासारखी. सगळीकडे झुपके, दाट, आणि त्यांना माती अशी चिकटलेली की सहा पाण्यांनी सुटेना. तुझं आठवून सोडून दिली. लाल टेपच्या ज्या पाच मी तशाच ठेवल्या होत्या, त्यांची झाडं वरून मरतुकडी, पण खाली दोन-तीन ठिकाणी झुपका धरायला लागला होता. लहान, नखाएवढा. त्या मेलेल्या मातीत कुठून काय शोधत होती कुणास ठाऊक.

आणि माझी सात. वरून सगळ्यांत उंच. खाली गुळगुळीत. झुपका नाही, केस नाही, पहिल्याच पाण्यात स्वच्छ, शिवणाच्या दोऱ्यासारखी पांढरी मुळं. त्यांनी काही काढलंच नव्हतं. आयतं येत होतं, कशाला काढतील. मी सातही टाइलवर एका ओळीत मांडली आणि किती तरी वेळ तिथेच बसलो. मला वाटलं होतं मी त्यांना जगवलं.

गणेशने ओव्हन दिला नाही, हाडाचं खत लागलेलं त्यात चालणार नाही म्हणाला, ते त्याचं बरोबर आहे. शेडमध्ये हीटर लावून वाळवतोय. वजनं पुढच्या आठवड्यात. तिचं पॅनेल आता वीस नोव्हेंबरला आहे. बारा आणि पाच यांच्यावर ती उभी राहणार. सातांचं वेगळं पान करणार आहे म्हणते, शेवटी, त्यात लिहिणार की ही चूक कशी झाली. माझं नाव घालणार का, ते मी विचारलं नाही.

काल सगळे फोटो पाठवले. मला वाटलं, आता तरी काही म्हणेल. बारा दिवस, मावशी. रात्री मेल आला, एकच ओळ. "पाच नंबरचा परत काढ, मूळ हातात धरू नकोस, तुझी बोटं मध्ये येतात."

पहिल्यांदा फोन भिंतीवर मारावासा वाटला. तासभर अंगणात फेऱ्या मारल्या. मग सकाळी उजेड झाल्यावर पाच नंबर फ्रिजमधून काढलं, वर्तमानपत्र सोडवलं, थोडं पाणी शिंपडलं. पांढऱ्या टाइलवर ठेवून शेजारी पट्टी ठेवली. झुपके आपोआप पसरले, मी नीट करायला गेलो नाही. फोन दोन विटांवर टेकवून टायमर लावला आणि मागे सरकून उभा राहिलो.

सारंग